ना विद्यार्थी, ना कामगार

तंत्रनिकेतनाच्या माहितीपुस्तिकेत आमच्या पदविका अभ्यासक्रमाच्या नावापुढे 'सँडविच' असा शब्द छापलेला होता आणि घरोघरी त्याचा उलगडा करता करता आमची पुरेवाट झाली होती. आमच्यापैकी एकाच्या आजीने तर सरळच विचारले, "बाबांनो, शिकायला चाललात की हॉटेल काढायला?" पावाच्या दोन कापांमध्ये जसे सारण, तशी वर्गातील शिक्षणाच्या दोन भागांमध्ये कारखान्यातील प्रत्यक्ष कामाची एक वर्षाची मुदत, असा त्या शब्दाचा अर्थ. हे ऐकून आजीचे समाधान झाले. परंतु तिचा पुढचा प्रश्न मात्र वाटला तितका साधा नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे त्या वर्षात तुम्ही शाळेतले की कंपनीतले?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कोणी दिले नाही, ते वर्ष सरता सरता आमचे आम्हांलाच शोधावे लागले. आज आपल्या पॅरिशमधील कितीतरी मुलेमुली याच वाटेने जात आहेत, म्हणून ते येथे मांडण्याचा विचार आहे.

या कल्पनेचा उगम आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलँड हे जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेले नगर. तेथील तांत्रिक महाविद्यालयाने १९०३ साली अभियांत्रिकीचे असे शिक्षण सुरू केले की, विद्यार्थ्याने काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात घालवावा. पुढे तीनच वर्षांनी, १९०६ मध्ये, अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने २७ विद्यार्थी घेऊन त्याच धर्तीचा प्रयोग केला. काही गोष्टी फळ्यावर शिकवता येत नाहीत, त्या यंत्रापाशीच शिकाव्या लागतात, हे या दोन्ही प्रयोगांमागचे सूत्र होते. आपल्या देशात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीची पदवी वा पदविका घेणारेही त्याच्या कक्षेत आले.

या कायद्यातील एक कलम आमच्या हकिगतीत पुढे महत्त्वाचे ठरणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे हा कायदा स्पष्ट म्हणतो. कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. त्याच्या आरोग्याची, सुरक्षिततेची काळजी कारखान्याने घ्यायची आणि काम करताना त्याला इजा झाली तर भरपाई द्यायची, एवढे संरक्षण त्याला आहे. परंतु वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नाही. आम्ही करारनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा हे सारे आमच्या हाती असलेल्या कागदांत होते. एकोणीस वर्षांच्या मुलाला कागदापेक्षा कंपनीचे भले मोठे प्रवेशद्वार अधिक दिसते, यात नवल ते काय?

आम्ही चौघे वसईच्या शेजारशेजारच्या गावांतले. कोणाच्या घरी केळीची वाडी, कोणाच्या घरी पानवेलीचा मळा, एकाचे वडील गिरणीतून घरी बसलेले. 'अमक्याचा मुलगा कंपनीत लागला' हे वाक्य आमच्या गावांत त्या काळी ज्या सुरात उच्चारले जाई, तो सूर वाचकांपैकी अनेकांच्या कानांत असेल. कंपनी म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, कॅन्टीनमधील जेवण, दिवाळीचा बोनस आणि लग्नाच्या बाजारात वाढलेला भाव. त्यामुळे जुलै १९९१ मध्ये अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यातील एका मोठ्या यंत्रनिर्मिती कंपनीत आम्हां चौघांची वर्षभरासाठी नेमणूक झाल्याचे पत्र आले, तेव्हा आम्ही अजून काहीच कमावले नसताना घरी पेढे वाटले गेले. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

पहिली पाळी सकाळी सातची. अंधारात सायकली हाणत वसई रोड स्टेशन गाठायचे. फलाटावर फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराला निघालेल्या आमच्याच गावच्या बायका असत. "कंपनीवाले आले गं," असे म्हणून त्या आम्हांला जागा करून देत. ज्यांची अर्धी वाट आमच्याआधी सरलेली असे, त्यांनी आम्हांला मान द्यावा, हे आम्हांला संकोचाचे वाटे.

कारखान्यात मात्र आम्हांला कोठे ठेवावे, हे कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते. कामगारांचा गणवेश निळा, कार्यालयातील मंडळींचा करडा आणि आमचा खाकी. जेवणाच्या जागा तीन. अधिकाऱ्यांची वरच्या मजल्यावर, कारकुनांची तिच्याखाली आणि कामगारांची आवारात. आमच्या कुपनावर कोणत्याच जागेचा उल्लेख नव्हता. पहिल्या दिवशी कारकुनांच्या दालनात गेलो, तेथील व्यवस्थापकाने खाकी रंग पाहून खाली पाठवले. खाली गेलो, तर बाकांवर बसलेल्यांनी सरकून जागा दिली. पण आम्ही बसताच चाललेले बोलणे थांबले. पुढे कित्येक आठवडे आम्ही चौघे एका कोपऱ्यातल्या बाकावर एकत्र जेवत असू. आजीच्या प्रश्नाचा पहिला अनुभव आम्हांला असा ताटावर आला.

प्रशिक्षण विभागाने आम्हांला एकेक दैनंदिनी दिली होती. रोज काय काम केले, कोणते यंत्र हाताळले, काय शिकलो, हे तीत लिहायचे आणि आठवड्याच्या शेवटी प्रशिक्षण अधिकाऱ्याची सही घ्यायची. तंत्रनिकेतनाचे प्राध्यापक वर्षातून दोनदा येऊन ती चाळून जात. पहिला महिनाभर आमच्या दैनंदिनीत एकच शब्द आहे, तो म्हणजे कानस. शिकंज्यात लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि त्याचा एक पृष्ठभाग सपाट होईतो घासायचा. सपाट म्हणजे डोळ्यांना दिसतो तसा नव्हे. घासलेला ठोकळा निळा रंग पुसलेल्या सपाट पाटावर ठेवून हलकेच सरकवायचा. ज्या ठिकाणी निळे डाग उमटतील तेथे उंचवटा आहे असे समजायचे आणि तेवढाच उंचवटा काढायचा. सुरुवातीला एक दोन ठिपके उमटत. महिन्याच्या अखेरीस सबंध पृष्ठभागावर निळे ठिपके उमटू लागले. वर्गात भूमितीच्या तासाला प्रतल या शब्दाची व्याख्या आम्ही पाठ केली होती. प्रतल तयार करायला किती घाम लागतो, ते आम्हांला त्या महिन्यात कळले.

त्यानंतर आम्हांला टूलरूममध्ये पाठवले गेले. तेथे एका मोठ्या लेथवर सातारकडचे एक जुने कामगार होते. सारे त्यांना उस्ताद म्हणत, आम्ही काका म्हणू लागलो. शिक्षण चौथीपर्यंतचे. सव्वीस वर्षे त्यांनी त्या एका विभागात काढली होती. ते फारसे बोलत नसत. आम्ही त्यांच्या यंत्राभोवती उभे राहून पाहायचे, सांगतील तेव्हा चाक फिरवायचे आणि पाळी संपल्यावर लोखंडाचा कीस झाडून यंत्र पुसायचे, हा नित्यक्रम. चकमध्ये किल्ली तशीच सोडून यंत्र सुरू करायचे नाही, सैल बाही आणि हातातला धागा यंत्रापाशी चालणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. सुरू चकमधून सुटलेली किल्ली बंदुकीच्या गोळीसारखी जाते, हे सांगताना त्यांनी समोरच्या भिंतीवरील एक खोलगट खूण दाखवली. त्यानंतर ती सूचना दुसऱ्यांदा द्यावी लागली नाही.

एके दिवशी एका पोलादी दांड्याला शेवटचा हात दिल्यावर आमच्यापैकी एकजण मायक्रोमीटर घेऊन लगबगीने पुढे झाला. काकांनी त्याचा हात धरला. "गरम जॉबचं माप खोटं असतं. निवू द्या." त्यांनी दांड्यावर तळहात ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा ठेवला आणि मग मान हलवली. आता मोजा! हे आमच्या पुस्तकातही होते. शंभर मिलिमीटर लांबीच्या पोलादाचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित अधिक वाढते. म्हणूनच सूक्ष्म मोजमापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान जगभर मानले जाते. या नियमावरचे गणित आम्ही परीक्षेत बिनचूक सोडवले होते. पण काकांच्या तळहाताला ते गणित न सोडवता कळत होते.

एक गोष्ट मात्र काका आम्हांला शिकवत नसत. लेथवर कापणारे जे हत्यार असते, त्याला कामगार टूल म्हणतात. त्याला धार लावणे हे त्या विद्येचे मर्म. पोलाद कापायचे तर टूलच्या माथ्याला उतार हवा. पितळेसाठी तोच माथा सपाट हवा, नाहीतर टूल धातूत घुसते. कोन किती, टोक किती गोल, हे पुस्तकात छापलेले असते. परंतु फिरत्या सहाणेवर टूल कसे धरावे, किती दाबावे, ठिणग्यांच्या रंगावरून आणि आवाजावरून काय ओळखावे, हे कोणीतरी दाखवल्यावाचून येत नाही. काका सहाणेपाशी गेले की आमच्याकडे पाठ करून उभे राहत. आम्ही डावीकडे सरकलो तर तेही किंचित डावीकडे वळत. त्यांची धार लावलेली टूले त्यांच्या कपाटात कुलपात असत.

आम्ही हे आमच्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांना बोलून दाखवले, तेव्हा ते हसले. "हे लोक असेच. विद्या दडवून ठेवतात," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. परंतु दररोज त्या पाठीमागे उभे राहिल्यावर आम्हांला त्यातील दुसरी बाजू दिसू लागली. आमच्या वडिलांकडे वाडी होती. ती त्यांची मिळकत. काकांकडे वाडी नव्हती, यंत्र कंपनीचे होते, लोखंड कंपनीचे होते. त्यांच्या मालकीचे असे त्या आवारात एकच होते आणि ते त्यांच्या हातांत होते. ते आम्हां परक्या मुलांना वाटून टाकल्यावर त्यांची गरज किती उरेल, हा हिशेब त्यांनी केला असेल, तर तो गैर कसा म्हणावा? शिवाय दरवर्षी खाकी कपड्यांतली नवी मुले येत आणि पगाराच्या एका अंशाएवढ्या विद्यावेतनावर राबून जात. अशा मुलांकडे ज्याच्या घरात चार खाणारी तोंडे आहेत तो माणूस कोणत्या नजरेने पाहील, हे सांगायला नको.

त्या वर्षी वाराही तसाच होता. २४ जुलै १९९१ रोजी देशाचे नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले, १८ उद्योग वगळता इतरांची परवाना पद्धत संपली. त्याच दिवशी डॉ. मनमोहन सिंग यांनी तो गाजलेला अर्थसंकल्प मांडला. वरच्या मजल्यावर 'स्पर्धा' हा शब्द ऐकू येऊ लागला आणि खाली 'स्वेच्छानिवृत्ती' हा. दोन्ही शब्द एकाच गोष्टीची दोन टोके होती. जानेवारी १९९२ च्या सुमारास व्यवस्थापनाने पाळीमागे काढावयाच्या नगांची संख्या वाढवली, युनियनने ती नाकारली आणि मंदगतीचे आंदोलन सुरू झाले. यंत्रे चालत होती, पण जेमतेम.

एका शुक्रवारी प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी आम्हां चौघांना आणि दुसऱ्या एका संस्थेतील तीन मुलांना वर बोलावले. चहा मागवला. ते म्हणाले की, आता तुम्ही पुरेसे शिकला आहात. सोमवारपासून दुसऱ्या पाळीत टूलरूममधील यंत्रे तुम्ही स्वतंत्रपणे चालवा. असा अनुभव सहसा कोणाला मिळत नाही. अहवालात त्याची नोंद उत्तम होईल आणि वर्षअखेरीस ज्या थोड्या जागा निघतील, त्यांत तुमचा विचार होईल. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, उलट माया होती. पण ती यंत्रे कोणाची हे आम्हांला ठाऊक होते.

परतीच्या गाडीत बोरिवलीपर्यंत कोणी बोलले नाही. नोकरीची आशा आम्हां प्रत्येकाच्या घरी वाट पाहत बसली होती. एकाच्या बहिणीचे लग्न ठरायचे होते, एकाच्या वडिलांनी वाडीवर कर्ज काढले होते. नकार देणे म्हणजे वर्षभराचा अहवाल धोक्यात घालणे. होकार देणे म्हणजे ज्या माणसाच्या यंत्रापाशी सहा महिने उभे राहिलो, त्याच्याच लढ्यात त्याच्याविरुद्ध वापरले जाणे. बरे, कायद्याने आम्ही कामगार नव्हतो; आम्हांला ना युनियन, ना आंदोलनाचा अधिकार. म्हणजे कामगारांच्या बाजूने उभे राहण्याचा हक्क नाही, पण त्यांच्या जागी उभे राहण्याची मुभा आहे, अशी ती विचित्र अवस्था होती.

रविवारी दुपारी आम्ही गिरणीतून घरी बसलेल्या आमच्या मित्राच्या वडिलांकडे जमलो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. ते त्यांपैकी एक. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा असेल असे आम्हांला वाटले होते. ते केळीच्या घडाला टेकू लावत होते. सारे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "पोरांनो, यंत्र चालवा की नको, हे मी सांगणार नाही. उद्या नोकरी गेली तर मी ती देऊ शकणार नाही. पण ज्याच्या यंत्राला हात लावणार, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन लावा." एवढे बोलून ते पुन्हा टेकूकडे वळले.

सोमवारी पाळी सुरू होण्याआधी आम्ही काकांना गाठले आणि वर काय बोलणे झाले ते सांगितले. त्यांना ते आधीच कळले होते. ते म्हणाले, "चालवा. तुम्हांला पास व्हायचंय. मी काय म्हणणार?" त्यांच्या स्वरात राग नव्हता, राग असता तर आम्हांला बरे वाटले असते. मग ते म्हणाले, "फक्त चकची किल्ली काढायला विसरू नका."

त्या दिवशी आम्ही एक अर्ज लिहिला. आमच्यापैकी एकाने तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयात बसून शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याची कलमे उतरवून आणली होती. प्रशिक्षणाची जबाबदारी पात्र व्यक्तीकडे सोपवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्यात होते. उमेदवाराकडून संबंधित सल्लागाराच्या मंजुरीवाचून जादा वेळ काम घेता येत नाही, असेही होते. आम्ही अत्यंत नम्रपणे लिहिले की, आम्ही कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहोत, तेव्हा दुसऱ्या पाळीत आमच्या प्रशिक्षणाची जबाबदारी कोणाकडे राहील आणि ते प्रशिक्षण अभ्यासक्रमाच्या कोणत्या भागात मोडते, हे कृपया लेखी कळवावे, म्हणजे दैनंदिनीत तशी नोंद करता येईल. खाली चौघांच्या सह्या. ज्या कलमाने आम्हांला कामगाराच्या हक्कांपासून वेगळे काढले होते, त्याच कलमाचा आम्ही आडोसा घेतला. एक प्रत तंत्रनिकेतनाकडे पाठवली.

प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. ते रागावले नाहीत. "ठीक आहे," एवढेच म्हणाले. लेखी उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी आमची बदली भांडारात झाली. तेथे आम्ही पाच आठवडे नटबोल्ट मोजले, वॉशर मोजले, तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दैनंदिनीच्या त्या पानांवर 'साठा तपासणी' या दोन शब्दांपलीकडे काही नाही. दुसऱ्या संस्थेतील तिघांनी यंत्रे चालवली. त्यांना आम्ही तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. त्यांच्या घरच्या अडचणी आमच्याहून लहान नव्हत्या आणि त्यांनी काम चोख केले. कोणाला इजा झाली नाही, कोणताही अनर्थ घडला नाही. वर्षअखेरीस त्यांपैकी दोघांना जागा मिळाल्या. आमच्या अहवालात 'समाधानकारक' असा शेरा आला.

मार्चमध्ये तडजोड झाली. नगांची संख्या मधल्या आकड्यावर ठरली आणि आम्ही पुन्हा टूलरूममध्ये आलो. काकांनी आमच्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत. दुपारच्या सुटीनंतर ते एक बोथट टूल घेऊन सहाणेपाशी गेले. आम्ही सवयीने चार पावले मागे थांबलो. त्यांनी सहाण सुरू केली, थांबले, आणि मग आमच्याकडे पाठ न करता बाजूला वळून उभे राहिले. "तिथून काय दिसणार? जवळ या," ते म्हणाले.

पुढील अडीच महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते त्याआधीच्या आठ महिन्यांत शिकलो नव्हतो. टूल सहाणेवर दाबायचे नाही, टेकवायचे. ते तापून निळसर झाले की कोठेतरी हात जड पडला असे समजायचे. धार लागली की नाही, हे डोळ्यांनी पाहण्याआधी सहाणेच्या आवाजावरून ओळखायचे. आमच्या हातून धार लागलेले पहिले टूल त्यांनी यंत्रावर चढवले. लांबलचक, गुंडाळत जाणारा चकचकीत कीस निघाला. त्यांनी तो चिमट्याने उचलून आमच्या हातात दिला, "गरम आहे" असे बजावून. शेवटच्या दिवशी त्यांनी कपाट उघडले आणि स्वतः धार लावलेली चार टूले चौघांना दिली. ती आमच्याकडे अजून आहेत.

जून १९९२ मध्ये आमचे वर्ष संपले. नंतरच्या काळात त्या कंपनीने टूलरूमचे काम बाहेरच्या छोट्या गाळ्यांना द्यायला सुरुवात केली, काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ते गावी गेले. ज्या दोघांना जागा मिळाल्या होत्या, त्यांचा विभागही दशक सरण्याआधी बंद झाला. आम्हां चौघांपैकी दोघांनी पुढे वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत भागीदारीत लहानसा गाळा घेतला, एकजण शिक्षक झाला, एक आखातात गेला. या साऱ्यावरून आमचा निर्णय शहाणपणाचा होता असे सिद्ध होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्या नोकऱ्यांवर त्या दोघांनी काही वर्षे घरे चालवली, हेही तितकेच खरे आहे. आम्हांला जे मिळाले ते वेगळे होते आणि त्याची किंमत आम्ही भांडारात मोजली होती, एवढेच.

आता आजच्याकडे वळू. हे सारे जुने झाले म्हणावे, तर तसे नाही. उलट शिकण्याच्या नावाने उद्योगांत काही काळ घालवण्याचा प्रघात पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला आहे. २०१६ साली केंद्र सरकारने शिकाऊ उमेदवारीला उत्तेजन देण्यासाठी राष्ट्रीय योजना सुरू केली; तीत विहित विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा सरकारने उचलायचा होता. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील ५०० आघाडीच्या कंपन्यांत वर्षभराचा अनुभव देण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दरमहा ५,००० रुपये साहाय्याची ती योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आपल्या घरांतील मुले आज लेथपाशी कमी आणि संगणकापाशी जास्त बसतात. गणवेश गेले, गळ्यात पट्टी आणि तीत ओळखपत्र आले. पण आजीचा तो प्रश्न मात्र तसाच आहे: त्या वर्षात ती मुले शाळेतली की कंपनीतली?

वर्षभराच्या अनुभवाने आम्हांला जे उत्तर मिळाले, ते असे. कंपनी जागा देते, यंत्र देते, विद्यावेतन देते. शिक्षण मात्र तेथे काम करणारा माणूस देतो आणि ते तो स्वतःच्या मिळकतीतून देतो. त्याच्या पगारात ते धरलेले नसते. शिकायला आलेले मूल आपल्याला बाजूला सारण्यासाठी आणलेले नाही, असा भरवसा वाटला तरच त्याचा हात मोकळा होतो. म्हणून शिकाऊ मुलाला स्वस्त मजूर म्हणून वापरणारा कारखाना केवळ त्या मुलाचे नुकसान करीत नाही. शिकवणाऱ्याचा हातही तो आखडायला लावतो आणि दोन पिढ्यांमधील देवघेव तेथेच थांबते. उमेदवार हा कामगार नव्हे, असे कायद्याने म्हणणे पुरेसे नाही. त्याला कामगाराच्या जागी उभे केले जाणार नाही, हेही कोणीतरी पाहिले पाहिजे.

ते पाहणे काही अंशी घरच्या मंडळींच्या हाती आहे. मूल संध्याकाळी घरी आले की आपण विचारतो, "महिन्याला किती देतात? पुढे कायम करतील का?" हे प्रश्न चुकीचे नाहीत, घर चालवायचे असते. पण त्यांच्या जोडीला आणखी दोनतीन प्रश्न विचारावेत, अशी आमची आई-वडिलांना विनंती आहे. आज तुला कोणी शिकवले? तुझ्या आधी त्या जागी कोण होते आणि ते आता कोठे आहे? तुला तेथे काय दाखवत नाहीत, आणि का? पहिल्या दिवशी मूल कदाचित गप्प बसेल. काही दिवसांनी ते स्वतःहून उत्तरे शोधू लागेल.

आणि मुलांकडेही एक मागणे आहे. परवा जुनी कागदपत्रे काढताना आमच्या दैनंदिन्या हाती आल्या. प्रत्येक आठवड्याखाली प्रशिक्षण अधिकाऱ्यांची सही आहे, तारीख आहे, शिक्का आहे. यंत्रांची नावे आहेत, नगांचे आकडे आहेत. शिकवणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी त्या छापील पानावर रकानाच नव्हता आणि म्हणून बावन्न आठवड्यांत काकांचे नाव एकदाही आलेले नाही. आजच्या मुलांच्या अहवालांतही तो रकाना नसेल. त्यांनी तो स्वतः आखावा.